उसना आवाज

खडकी, क्वार्टर
१२ जानेवारी

ललिताताई, जयभीम.

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. मी सुखादादा झालो. फोनवर, त्याच्याच फोनवर. एकदा नाही, तीनदा.

मेसेज न करता पत्र लिहितोय कारण माझा फोन आता आमच्या धाकट्या निकिताचाच झालाय. क्लासच्या नावाखाली घेते आणि माझे मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवते. आणि तुला नंदुरबारच्या त्या डोंगरात रेंज कुठाय? टेकडीवर चढल्यावर एक दांडी.

तर झालं असं. दादाच्या फॅक्टरीत फोन नेऊ देत नाहीत, दारूगोळ्याचं काम ना. तो फोन फ्रिजवर ठेवून शिफ्टला जातो. नवीन वर्षाच्या आधी रुपालीवहिनी मला म्हणाली, "चेत्या, तुझ्या दादाचा आवाज काढ." मी म्हणलं, कुणाला गंडवायचंय? ती हसलीच नाही.

ताई, तिला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. आणि तिचं पोलीस भरतीचं ग्राउंड फेब्रुवारीत. माहितीये ना ती कशी पळते? वयात बसणारा हा तिचा शेवटचा चान्स. दादाला सांगितलं की दादा आईला सांगणार, आई म्हणणार आता सोनूला भाऊ होऊ दे, आणि दादा आईपुढे कधी बोललाय? म्हणून ती एकटीच पार बिबवेवाडीला गेली, खडकीतलं कोणी भेटू नये म्हणून. तिथल्या क्लिनिकवाल्या मॅडम म्हणाल्या, गोळ्या देतो, पण मिस्टरांशी बोलायला द्या.

मग काय, ती परत गेली त्या दिवशी मिस्टर फ्रिजपाशी उभेच होते. आधी खाकरलो, दादा खाकरतो तसं. "हां, बोला." मॅडम म्हणाल्या, तुमची संमती आहे का? मी म्हणलं, "तिची आहे ना, मग माझी आहे." खरा दादा असं जन्मात बोलला नसता. मॅडम एकदम खूश. म्हणाल्या, असे नवरे कमी असतात.

पहिली गोळी तिथेच दिली, बाकीच्या घरी घ्यायच्या. सगळ्या सूचनांचा कागद दिला होता, तो वहिनीने येताना बसमध्येच फाडला. आईच्या हाताला लागला तर? आता क्लिनिकचा फोन दादाच्याच नंबरवर येतो. एकदा त्यांची सिस्टर बोलली, काल स्वतः मॅडम. सोनोग्राफीला आणा म्हणत होत्या. मी म्हणलं, आम्ही गावी आलोय, आलो की आणतो. आवाज ऐकायला तू पाहिजे होतीस, नुसता दादा.

वहिनी ओके आहे. जरा पांढरी पडलीये, पण थंडी पण आहे ना.

कोणाला सांगू नको. तू नर्स आहेस म्हणून तुला सांगितलं.

तुझा,
चेतन

&nbsp;

१७ जानेवारी

चेतन,

तुझं पत्र काल औषधांच्या गाडीतून आलं. वाचलं आणि तशीच टेकडीवर गेले. तुला फोन केला. तू उचललास आणि म्हणालास, "पाटील मंगल कार्यालय, तारीख कुठली पाहिजे?" मी "चेतन" म्हणेपर्यंत रेंज गेली. की तू कापलास, ते तुझं तुला माहीत.

आता मस्करी बाजूला ठेवून वाच. दोनदा वाच.

वहिनीने जे केलं त्यात चुकीचं काही नाही. सज्ञान बाई आहे, तिची एकटीची सही कायद्याला पुरते. नवऱ्याशी बोलायला द्या म्हणणं हीच त्या क्लिनिकची पहिली चूक. दुसरी चूक, काळजी काय घ्यायची ते पेशंटला सोडून नवऱ्याला सांगत बसले. आणि नवरा कोण, तर तू.

गोळ्या भीतीच्या नाहीत. मी इथे कितीतरी बायकांना दिलेल्या पाहिल्यात, बहुतेकींचं काही बिघडत नाही. पण मागे कुणीतरी बघणारं लागतं. सगळं बाहेर पडलं का, आत काही राहिलं का, हे नुसतं तोंड बघून कळत नाही. त्यासाठीच ते सोनोग्राफीला बोलावतात, आणि "गावी आलोय" सांगून तू तेच टाळलंस.

वहिनीला विचार. रक्त जाणं कमी होत थांबत आलंय का, की अजून तसंच आहे? दोन आठवडे उलटल्यावर तसंच जात असेल तर ते बरं लक्षण नाही. ताप, थंडी वाजणं, अंगावरून घाण वास येणं, पोटात दुखणं, चक्कर, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तासाला दोन पॅड भिजत असतील, असं सलग दोन तास झालं, तर त्याच मिनिटाला. कुठलाही सरकारी दवाखाना चालेल. तिथे "गोळ्या घेतल्यात" हे स्पष्ट सांगायचं. लपवलं तर डॉक्टर भलतीकडे शोधत बसतात.

हे तिला तू सांग. तुझ्या आवाजात. आणि म्हणावं, मला एक फोन कर, मी रोज संध्याकाळी सहाला टेकडीवर असते.

तू कोणाला सांगू नको म्हणतोस. नाही सांगत. पेशंटची गोष्ट आहे, ती कुणाला सांगायची हे तिने ठरवायचं.

ललिताताई

&nbsp;

खडकी
२२ जानेवारी

ताई, जयभीम.

किती लोड घेतेस. मंगल कार्यालय माझंच होतं, सॉरी. नंबर बघितलाच नाही.

सांगितलं वहिनीला. सगळं सांगितलं, तू लिहिलंस तसं लाईनीत. ती म्हणाली, अरे सगळं बंद झालंय, ललूला सांग काळजी करू नको. झालं समाधान?

आणि पुरावा पाहिजे असेल तर हा घे, रोज ग्राउंडला जाते. परवा गोळाफेकीला मला उभं केलं, गोळा उचलून आणून द्यायला. चार वेळा आणला, मग म्हणलं वहिनी, भरती तुझी आहे, माझी कशाला कंबर मोडतेस? म्हणाली, तुला होमगार्डमध्ये पण घेणार नाहीत. सोनू कडेला बसून माझी शिट्टी वाजवत होती. मग तिला मी एक एक आवाज काढून दाखवले. क्वार्टरचा पाणी सोडणारा माणूस, तिच्या बालवाडीच्या बाई, मग वहिनीचा. "सोने, दूध संपव." पोरगी मागे वळून बघायला लागली, आई तर समोर पळतेय. वहिनीने मला चप्पल फेकून मारली. म्हणजे बघ, जोर आहे अंगात.

सोनोग्राफीचं, ग्राउंड झाल्यावर बघते म्हणाली. आता एक दिवस पण घालवायचा नाहीये तिला.

आईला काही संशय नाही. मस्त चाललंय सगळं.

चेतन

&nbsp;

२७ जानेवारी

चेतन,

बरं वाटलं वाचून. पूर्ण नाही, पण बरं वाटलं.

तिने मला फोन केला नाही. मग मीच केला, रविवारी. फोन तुझ्या आईने उचलला. आत्या म्हणाली, "रुपा पळायला गेलीये, तुझं काय काम?" आता आत्याला काय सांगणार? म्हणलं, सहज. मग आत्याने अर्धा तास निकिताच्या मार्कांचं सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, पळते आहे म्हणजे ठीक असेल. आजारी बाई कशाला पळेल.

तरी एक विचारते. "सगळं बंद झालंय" हे तिचे शब्द आहेत का? की तू विचारलंस "बरंय ना" आणि ती म्हणाली "हो"? दोन्हींत फार फरक आहे. तू लहानपणापासून दुसऱ्याची वाक्यं इतकी सफाईने बोलतोस की तुझी कुठली आणि त्याची कुठली हे मला कधी कधी कळत नाही.

सोनोग्राफी ग्राउंडच्या आधी, नंतर नाही. त्या क्लिनिकला जायचं नसेल तर नको. दुसरीकडे जा म्हणावं, पण जा. माझं नाव घेऊन सांग.

ललिताताई

&nbsp;

खडकी
१० फेब्रुवारी

ताई,

तुला आईने कळवलंच असेल. तुला यायला जमलं नाही ते बरंच झालं. मी तुझ्याकडे बघू शकलो नसतो.

खरं लिहितो. मी वहिनीला काही सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र खिशात घेऊन तीन वेळा तिच्यापाशी गेलो. ती कपडे वाळत घालत होती. म्हणलं, "वहिनी, बरंय ना?" ती म्हणाली, "हो रे." बस. रक्त, पॅड, वास, ताई, हे शब्द मला तिच्यासमोर काढताच येईनात. क्लिनिकच्या मॅडमशी याच सगळ्यावर मी आरामात बोललो होतो. पण तेव्हा दादा बोलत होता. माझ्या आवाजात "वहिनी, रक्त जातंय का?" हे वाक्य होतच नाही. मला वाटलं, काही असलं तर ती सांगेल. ती पण कुणाला सांगणार होती म्हणा, दिराला?

म्हणून तुला ते "सगळं बंद झालंय" माझंच लिहिलं होतं. तू बरोबर ओळखलंस. तुझं ते पत्र आलं त्या दिवशी ती दवाखान्यात होती.

तीस तारखेला, शुक्रवारी सकाळी ग्राउंडवर पडली. बायका म्हणाल्या, उपाशी पळत असेल. घरी आणली तर अंग तापलेलं. आईने चादर ओढली आणि तिला दिसलं. आईला वाटलं पाळी, जोरात आलीये. काढा दिला. दादा फॅक्टरीत, फोन फ्रिजवर. मी गेटवर जाऊन निरोप दिला, तो बाहेर येईपर्यंत दुपार झाली. मग रिक्षाने सरकारी दवाखान्यात.

वहिनी ग्लानीत होती, म्हणून डॉक्टरने आम्हाला विचारलं, गोळ्याबिळ्या काही घेतल्यात का? आई म्हणाली, छे हो, असलं काही नाही. दादा म्हणाला, नाही. मी तिथेच होतो, ताई. सलाईनच्या स्टँडला धरून. तोंड उघडलं, आवाज आला नाही. ते लोक दुसरंच काहीतरी तपासत बसले. तू लिहिलं होतंस अगदी तसं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मग डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याला कोपऱ्यात गाठलं आणि सांगितलं. गोळ्या कधी घेतल्या, कुठून, सोनोग्राफी केली नाही, सगळं. एका दमात सांगितलं. आणि सांगून झाल्यावर कळलं की मी दादाच्या आवाजात बोलत होतो. समोरासमोर उभा राहून. डॉक्टरला काय फरक पडणार, त्याला वाटलं मी असाच बोलतो. तो मला म्हणाला, "आत्ता सांगताय?" आणि पळत आत गेला. तिला ऑपरेशनला घेतलं, रक्त चढवलं. आत राहिलं होतं, ते सडलं होतं, अंगभर पसरलं होतं असं म्हणाले. शनिवारी सकाळी गेली.

पुढचं ऐक. वहिनीच्या पुण्यानुमोदनाला तिचा भाऊ सर्जेराव आला होता, येरवड्याचा. भिक्खू उठून गेले, माणसं जेवत होती आणि फ्रिजवरचा फोन वाजला. दादाने उचलला. घरातला गोंगाट म्हणून स्पीकरवर टाकला. क्लिनिक. "सुखदेव सर, तुम्ही पेशंटला अजून आणलं नाहीत. मागच्या वेळी म्हणालात गावाहून आलो की आणतो."

दादा म्हणाला, "मी कधी बोललो तुमच्याशी?"

मॅडम म्हणाल्या, "अहो, असं काय करता? हाच तर आवाज. आम्ही तीन वेळा बोललोय तुमच्याशी. संमती तुम्हीच दिलीत."

सगळं घर ऐकत होतं. दादाने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. ताई, या घरात त्याचा आवाज दुसऱ्या कुणाला येतो? मग तो फोनमध्ये म्हणाला, "हो. बरोबर. मीच बोललो होतो."

सर्जेरावने ताट ढकललं. सोनूला उचललं, तिचे कपडे एका पिशवीत कोंबले आणि घेऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "बायको मारलीस. पोरगी तरी जगू दे." दादा भेटायला गेला तर दार उघडत नाही. सोनू आत आहे ते ऐकू येतं म्हणे.

आई दादाशी बोलत नाही. म्हणते, माझ्यापासून लपवून परस्पर केलंत. दादा कालपासून कामावर जायला लागलाय. माझ्याशी तो त्यावर एक शब्द बोललेला नाही.

कोणाला सांगू नको, ताई. दादाने स्वतःच अंगावर घेतलंय ना.

चेतन

&nbsp;

१७ फेब्रुवारी

चेतन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ड्युटीवर होते. एका बाईला त्याच गोळ्या देऊन समोर बसवलं होतं. तिला सगळं समजावून सांगताना मध्येच थांबले. ती म्हणाली, सिस्टर, बरं नाही का?

तुझ्यावर ओरडायला पाहिजे. पण आधी माझं सांगते. पहिल्या पत्रानंतर मला एवढंच करायचं होतं, रुपालीला गाठायचं. आत्याला म्हणायचं, तिला फोन दे, माझं तिच्याशीच काम आहे. काय बोलायचंय ते सांगायची पण गरज नव्हती. तेवढं केलं नाही. पेशंटची गुप्तता म्हणत बसले. गुप्तता बाकीच्यांपासून असते, खुद्द पेशंटपासून नसते, हे मला नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकवलंय. मी तिची गुप्तता नाही पाळली रे, तुझी पाळली. तू "कोणाला सांगू नको" लिहिलंस आणि मला ते शहाणपणाचं वाटलं.

आता काल काय झालं ते. मी बाजाराच्या गावी आले होते, तिथे रेंज असते. सुखादादाचा फोन आला. "ललिता, झालं ते झालं. चेतनला यात ओढू नकोस. मी बोललोय म्हणून सांगितलंय, तेच राहू दे." मला रडू आलं. म्हणलं, दादा, तू कसा आहेस? म्हणाला, "आहे." फोन ठेवला.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. सोमवार होता, सकाळचे अकरा. सुखादादा फॅक्टरीत होता. फोन फ्रिजवर होता.

चेतन, वहिनी गेली तरी तुझं थांबत नाही?

मी एकोणतीस तारखेची रजा टाकणार होते, या महिन्यात ती तारीखच नाही हे साहेबांनी सांगितलं, इतकं माझं डोकं फिरलंय. एक मार्चला रविवार आहे. त्या दिवशी मी पुण्यात येते आणि येरवड्याला जाते. त्याच्या आत तू स्वतः सर्जेरावला फोन कर. तुझ्या फोनवरून, तुझ्या आवाजात, पहिल्यांदा नाव सांगून. त्या पोरीचा बाप तिला मिळाला पाहिजे. सुखादादाने तुझ्यासाठी बायकोच्या मरणाचा डाग घेतलाय, पोरगी तरी त्याने तुझ्यापायी का घालवायची?

तू नाही बोललास तर मी बोलेन. या वेळी मी गप्प बसणार नाही.

ललिता

&nbsp;

खडकी
२२ फेब्रुवारी

ताई,

सोमवारी मीच होतो. फोनमध्ये तुझा नंबर दादाला दिसला असणार, कारण तेव्हापासून तो फोन फ्रिजवर ठेवत नाही. कपाटात ठेवतो आणि किल्ली घेऊन जातो. तरी मला काही बोलला नाही. त्याने एक कानाखाली मारली असती तर मी तुला असली पत्रं लिहीत बसलो नसतो.

तू सांगितलंस तसं केलं. म्हणजे करायला गेलो. निकिताकडून फोन घेतला, तिला म्हणलं बाहेर जा. ती माझं तोंड बघून गेली, काही टोमणा पण मारला नाही. सर्जेरावने माझा नंबर उचलला नाही. मग त्याच्या बायकोच्या फोनवर लावला. मी मनात पाठ केलं होतं, मी चेतन बोलतोय, दादा नव्हता, मी होतो. खाकरायचं नाही असं पण ठरवलं होतं.

फोन सोनूने उचलला.

तिच्या हाताला लागला असेल. मागे टीव्ही चालू होता. ती म्हणाली, "हॅलो, आई?"

ती परत म्हणाली, "आई?" ताई, तिला कुणी सांगितलेलंच नाही. त्या घरात तिला सांगितलंय की आई ग्राउंडला गेलीये.

मी चेतन म्हणायला तोंड उघडलं. शपथ, तेच म्हणणार होतो. आणि तोंडातून आलं, "सोने, दूध संपवलंस का?"

तसंच. वहिनी शेवटच्या सुराला जरा वर जायची ना, अगदी तसंच. सोनू एवढी खूश झाली. म्हणाली, संपवलं, मामीने बिस्कीट पण दिलं. म्हणाली, तू कधी येणार? मी म्हणलं, ग्राउंड झालं की. म्हणाली, पहिली आलीस का? मी म्हणलं, हो, पहिली आले. मग तिने सांगितलं की काका आला की त्याला शिट्टी मागायचीये, ती इकडेच राहिली. मी म्हणलं, सांगते त्याला.

कुणीतरी तिच्या हातातून फोन घ्यायला आलं तेव्हा मी कापला.

हे गुरुवारचं. शनिवारी सर्जेरावच्या बायकोने आईला फोन केला होता. म्हणाली, पोरगी जेवत नाही, फोन उशाला घेऊन बसते, वाजला की धावते. आईला वाटतं, बापाची वाट बघत असेल. म्हणून ती पहिल्यांदा दादाला म्हणाली, जाऊन दारात बस, कधीतरी उघडतील.

मी आता आवाज काढतच नाही. दुकानात पण बोट दाखवून वस्तू मागतो. आई म्हणते, याला धक्का बसलाय.

तू ये एक तारखेला. मीच तुझ्याबरोबर येतो येरवड्याला, तू पुढे हो, मी मागे उभा राहतो. सर्जेरावला सगळं सांग. क्लिनिकला फोनवर मी होतो ते सांग, तुझं पत्र खिशात ठेवून गप्प बसलो ते सांग, डॉक्टरसमोर उशीर केला ते पण सांग. तो मारेल, मारू दे. दादाला सोनू मिळाली पाहिजे. यातलं काही लपव म्हणत नाही मी.

फक्त गुरुवारचं नको. सोनूला एक दिवस कळणारच आहे आई नाही ते. पण त्यानंतर आई तिच्याशी बोलली होती, ग्राउंडला पहिली आली होती, हे तिच्याकडे आहे. ते मी होतो हे तिला कधीच कळायला नको. दादाला सांगू नको, आईला नको, सर्जेरावला नको. ताई, तुझ्या पाया पडतो, हे एवढं एक कोणाला म्हणजे कोणाला सांगू नको.

चेतन